शिट्टी वाजण्यापूर्वी

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेसहाची वेळ, बाहेर बारीक पाऊस, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर उपम्याची एक बशी निवत पडलेली. बशीसमोर आमची धाकटी कन्या बसली होती. वय वर्षे तेरा, अंगात शाळेचा ट्रॅकसूट, आणि चेहरा असा की जणू तिला पोहण्याच्या शर्यतीला नव्हे, दाढ काढायला न्यायचे आहे!

"दोन घास तरी खाऊन घे गं," सौ. म्हणाली.

"नको आई. पोटात गोळा आलाय."

"अगं, घाबरतेस कशाला? घाबरू नकोस!" मी म्हणालो.

हे वाक्य त्या सकाळी मी किती वेळा उच्चारले, ते आमच्या थोरल्या चिरंजीवांनी मागाहून सांगितले. घरापासून टँकपर्यंत सात वेळा! मुलांची स्मरणशक्ती नको तिथे फार तल्लख असते.

शालेय जिल्हा स्पर्धा होती. शंभर मीटर फ्रीस्टाइल. म्हणजे पन्नास मीटरच्या टँकमध्ये एकदा जायचे आणि एकदा यायचे. सरावात हे अंतर ती १ मिनिट ११ सेकंदांत कापत असे. हा आकडा मला तोंडपाठ असायचे कारण एवढेच, की आदल्या दिवाळीत मी हौसेने एक स्टॉपवॉच विकत आणले होते, आणि सहा महिने ते माझ्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी नांदत होते.

पंचांच्या आखूड शिट्ट्या वाजल्या, मग लांब शिट्टी. आठ मुली ब्लॉकवर चढल्या. "टेक युअर मार्क्स!" – आणि इशारा झाला. आमची कन्या अशी सुटली की पहिले पन्नास मीटर ती सर्वांच्या पुढे! मी उभा राहून ओरडू लागलो. पण वळण घेतल्यावर काय झाले कोण जाणे. तिचे हात जड झाले, दर हाताला मान वर येऊ लागली आणि एकेक लेन तिला मागे टाकून निघून गेली. आठांत सातवी. माझ्या हातातले घड्याळ १ मिनिट १७ सेकंद दाखवीत होते.

परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. घर जवळ आल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाबा, मला पोहायला आवडतं. शर्यत नाही आवडत. पुढच्या महिन्यापासून मी टँकवर नाही गेले तर चालेल?"

सहाव्या वर्षापासून पहाटे साडेपाचला उठून जाणारी ही पोर. मला काही उत्तर सुचले नाही.

तिसऱ्या रांगेतले वडील

उत्तर न सुचण्याला आणखी एक कारण होते, आणि ते मी आजवर सौ.लाही नीट सांगितले नव्हते. मी मराठीचा प्राध्यापक. रोज तीन-तीन तास बोलणे हा माझा धंदा. पण सोळाव्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी "अध्यक्षमहाराज, परीक्षक आणि माझ्या बंधुभगिनींनो" एवढे म्हणालो आणि त्यापुढची पाटी कोरी झाली. भाषण रात्री तीन वेळा घडाघडा म्हणून दाखवले होते. त्यातला एक शब्द ओठांवर येईना. तोंडाला कोरड, गुडघ्यांत कापरे. तिसऱ्या रांगेत माझे वडील बसले होते. ते रागावले नाहीत. फक्त त्यांनी मान खाली घातली आणि घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर मी कुठल्याही स्पर्धेत उतरलो नाही. वर्गात बोलणे निराळे. तिथे गुण मी देतो!

रिक्षातून उतरताना एकाएकी ध्यानात आले, की आज मीही घरी येईपर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो.

चार दिवसांनी तिच्या सरांना भेटायला गेलो. सर सत्तरीला आलेले. उभी हयात टँकच्या काठावर गेलेली. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "प्रोफेसर, पोरीला भीती वाटते हा प्रश्नच नाही. भीती सगळ्यांना वाटते. आपल्याला भीती वाटते याचीच तिला भीती वाटते, हा प्रश्न आहे. आणि हो, ते तुमचं घड्याळ तेवढं माझ्याकडे ठेवून जा."

घड्याळ ठेवून मी घरी आलो आणि पुस्तकी माणूस जे करतो ते केले – वाचायला बसलो.

उंदीर, झुरळे आणि आपण

भीती वाटली की आपल्या शरीरात काय घडते? मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदय धावू लागते, श्वास भराभर होतो, आणि पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. म्हणूनच उपमा नकोसा होतो, तोंड कोरडे पडते आणि तळहात ओले होतात. पण वाचकहो, ही सगळी तयारी आहे कशाची? पळण्याची किंवा झुंजण्याची! म्हणजे शर्यतीच्या आधी शरीर आपल्याशी वैर करीत नाही. ते बिचारे कामाला लागलेले असते. आपणच त्या धडधडीचा अर्थ "आता माझे काही खरे नाही" असा लावतो.

थोडी धडधड हवीच, हेही शास्त्रज्ञांनी सांगून ठेवले आहे. १९०८ साली अमेरिकेतल्या यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. पांढरी पेटी आणि काळी पेटी यांतली योग्य पेटी उंदराने ओळखायची. चुकला तर विजेचा झटका. पेट्यांतला फरक ढळढळीत असला की झटका जितका जोराचा तितका उंदीर लवकर शिके. पण फरक ओळखणे अवघड केले की फार जोराच्या झटक्याने त्याचे शिकणे उलट मंदावे. मध्यम झटका बरा पडे. पुढे इतरांनी यावरून एक कमानीसारखा आलेख काढला. ताण अगदीच नसला तर माणूस सुस्त, बेताचा असला तर उत्तम, फार झाला की घसरण.

दुसरा प्रयोग ऐकून सौ.ला हसू आवरेना. १९६९ साली झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह चक्क झुरळांची शर्यत लावली! झुरळ उजेडापासून पळते, म्हणून एका टोकाला दिवा. आणि बाजूला पारदर्शक पेट्यांत प्रेक्षक म्हणून कोण, तर दुसरी झुरळे! सरळ वाट असली की प्रेक्षकांसमोर झुरळ अधिक वेगाने पळाले. वाटेत वळण आले, कुठे वळायचे ते शोधायची वेळ आली, की तेच झुरळ प्रेक्षकांसमोर अधिक रेंगाळले. तात्पर्य, अंगवळणी पडलेली गोष्ट चारचौघांत अधिक चांगली होते आणि कच्ची गोष्ट अधिक बिघडते.

माणसाची आणखी एक अडचण आहे, ती झुरळाला नाही. माणूस स्वतःकडे पाहू लागतो. जिना उतरताना कोणता पाय कुठे पडतो याचा विचार करून पाहा, हमखास अडखळाल. हजारदा केलेली हालचाल शरीराकडे सोपवलेली असते. भीतीपोटी मन ती परत आपल्या हातात घेते आणि तिथेच घोटाळा होतो. आमच्या कन्येने वळणानंतर नेमके हेच केले होते. "मला वाटलं माझा हात नीट पडत नाहीये, म्हणून मी हाताकडे बघायला लागले," असे तिने मला पुढे सांगितले.

मोठ्यांच्याही पोटात गोळा

एका रात्री जेवणानंतर मी तिला सचिन तेंडुलकरची गोष्ट सांगितली. चोवीस वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट आणि शंभर शतके ज्याच्या नावावर, त्या माणसाने २०२१ साली उघडपणे सांगितले, की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षे सामन्याआधी त्याला रात्र-रात्र झोप लागत नसे. मग त्याने झोपेशी भांडणे सोडून दिले. हे जागरण म्हणजे आपल्या तयारीचाच भाग, असे मानले. चहा करणे, कपड्यांना इस्त्री करणे, बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवणे असल्या साध्या कामांनीही त्याचे मन सामन्यासाठी तयार होई.

"सचिन स्वतः इस्त्री करायचा?" कन्येने विचारले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टिक्षेपाचा अर्थ मी इथे देत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले. या प्रकारातले हे भारताचे पहिलेच ऑलिंपिक पदक. अंतिम फेरीच्या दिवशी पोटात कालवाकालव होती, काही खाल्ले नव्हते, नुसता काळा चहा घेऊन आलो, असे त्याने पदकानंतर सांगितले. छाती जोरात धडधडत होती. त्याने लक्ष ठेवले ते श्वासावर, आणि वेगळे काही करायला गेला नाही.

"म्हणजे त्यानेही उपमा खाल्ला नव्हता!" आमची कन्या म्हणाली. त्या दिवशी ती शर्यतीच्या विषयावर प्रथमच हसली.

तिसरी गोष्ट अभिनव बिंद्राची. २००४ साली अथेन्सला तो अंतिम फेरीत सातवा आला. पुढच्या चार वर्षांत त्याने नेमबाजीइतकेच मनालाही घडवले. बीजिंगला जाण्यापूर्वी जर्मनीत तो एका चाळीस फुटी खांबावर चढला. माथ्यावर उभे राहायला जागा जेमतेम. अर्ध्यावर भीतीने तो थांबला, आणि भीतीसकटच वर गेला. ११ ऑगस्ट २००८ रोजी अखेरच्या गोळीला तो आणि फिनलंडचा हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेनची गोळी ९.७ गुणांची, बिंद्राची १०.८. भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक! भीती गेली नव्हती. तिच्यासह नेम धरायची सवय झाली होती.

सरांचा अभ्यासक्रम

कन्येने टँक सोडला नाही. "शर्यतीत उतरायचं की नाही ते मार्चमध्ये ठरवू, तोवर नुसतं ये," असे सर तिला म्हणाले. दार उघडे ठेवल्यामुळे ती आत राहिली, असे मला आज वाटते. मग सरांनी जे केले ते सांगतो. घरात खेळाडू असणाऱ्यांना, आणि परीक्षार्थी असणाऱ्यांनाही, त्यातले पुष्कळ उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, "घाबरू नकोस" हे वाक्य बंद. त्याने भीती तर जात नाहीच, वर घाबरणे हा अपराध ठरतो. त्याऐवजी धडधड सुरू झाली की म्हणायचे, "अंग तयार झालंय." हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावले होते. गाण्यापूर्वी "मला धास्ती वाटते आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आला आहे" म्हणणारे अधिक सुरात गायले. धडधडणाऱ्या छातीला "शांत हो" म्हणणे अवघड. तिला वेगळे नाव देणे सोपे.

दुसरी गोष्ट श्वासाची. चार मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा-सात मोजत हळूहळू सोडायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हे शरीरशास्त्र आहे. पण युक्ती शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काढायची नाही. कन्या ती रोज रात्री अंथरुणावर दहा वेळा करी.

तिसरी गोष्ट ठरलेल्या क्रमाची. आदल्या रात्री बॅग तिने स्वतः भरायची: दोन गॉगल, दोन कॅप, टॉवेल, कोरडे कपडे, केळी. टँकवर गेल्यावर आधी कोमट होईपर्यंत पोहायचे, मग खांदे फिरवायचे, लांब शिट्टीपूर्वी तोंडावर पाणी मारायचे. क्रम रोज तोच. टेनिसपटू राफाएल नादाल पाण्याच्या बाटल्या अगदी मोजून-मापून एकाच जागी ठेवी, तेव्हा लोक हसत. पण हजारो माणसांच्या गदारोळात तेवढी जागा त्याची स्वतःची असे.

चौथी गोष्ट अडचणींच्या सरावाची. सर मध्येच तिला थांबवून दहा मिनिटे थंडीत बसवीत आणि एकदम ब्लॉकवर बोलावीत. बाकीच्या मुलांना काठावर उभे करून आरडाओरडा करायला लावीत. मुलांनी हे काम अत्यंत मनापासून केले! एकदा तिला गॉगलमध्ये पाणी भरून पोहायला लावले. ती रडकुंडीला आली, तेव्हा सरांनी मायकेल फेल्प्सची हकीकत सांगितली. २००८ साली बीजिंगला दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि पुढचे दिसेना. तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्या प्रशिक्षकाने पूर्वी एकदा मुद्दाम त्याचा गॉगल पायाखाली चिरडून त्याला तसेच पोहायला लावले होते!

पाचवी गोष्ट, डोक्यात आकडा न्यायचा नाही. वेळ आणि क्रमांक आपल्या हातात नसतात; शेजारच्या लेनमधली मुलगी किती जोरात येईल, हे देवालाच ठाऊक. आपल्या हातात असतात त्या दोनच गोष्टी न्यायच्या. तिच्या दोन गोष्टी अशा: पहिल्या पन्नासात घाई नाही, आणि वळणानंतर हात लांब. बस्स.

सहावी गोष्ट

सहावी गोष्ट सरांनी सांगितली नाही. ती कन्येने सांगितली. मार्चमध्ये एका संध्याकाळी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना, मी तिला सहज विचारले, "ब्लॉकवर उभी असताना तुझ्या मनात काय येतं गं?"

बराच वेळ तिने एका टॉवेलच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "आधी मी तुम्हाला शोधते, बाबा. तुम्ही घड्याळाकडे बघत असता. मग मला वाटतं, मी हरले तर तुम्ही घरी येईपर्यंत बोलणार नाही."

तिसऱ्या रांगेतल्या माझ्या वडिलांविषयी मी तिला तेव्हा सांगितले. सगळे सांगितले, कोरी झालेली पाटी, त्यांची खाली गेलेली मान. ती म्हणाली, "आजोबांना वाईट वाटलं असेल. त्यांना बोलायला सुचलं नसेल." तीस वर्षांत हे माझ्या मनात आले नव्हते.

त्या रात्री आमच्या घरात एक ठराव झाला. शर्यतीनंतर "किती वेळ लागला?" आणि "कितवी आलीस?" हे दोन प्रश्न कोणी विचारायचे नाहीत. विचारायचा प्रश्न एकच: "भूक लागली का?"

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. सगळीच भीती श्वास मोजून जाते असे नाही. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, आवडत्या गोष्टींतूनही त्याचे मन उडाले असेल, तर ते "नाटक" म्हणून सोडून देऊ नये, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. २०२२ पासून सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवाही फोनवर आहे. आणि थांबण्यात कमीपणा नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला हवेत गिरक्या घेताना आपण कुठे आहोत याचे भान सुटू लागले. तिने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. मान मोडण्याचा धोका होता. लोक नाही नाही ते बोलले. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक घेऊन गेली.

यंदाचा श्रावण

कन्येने मार्चमध्ये "उतरते" म्हणून सांगितले. यंदाच्या श्रावणात तोच टँक, तोच पाऊस. सकाळी तिने उपम्याकडे पाहून मान हलवली, सौ.ने काही न बोलता डब्यात केळी ठेवली. "पोटात गोळा आलाय," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "अंग तयार झालंय."

मी सर्वांत मागच्या पायरीवर, एका खांबाआड बसलो. घड्याळ सरांकडेच होते. वेळ मोजायला काही नसल्यामुळे मी प्रथमच तिचे पोहणे पाहिले. पहिल्या पन्नासात ती पाचवी होती. माझी छाती इतकी धडधडत होती, की शेजारच्या गृहस्थांना ऐकू जाते की काय अशी शंका आली. वळण झाले. हात लांब. एक लेन मागे पडली. अखेरच्या दहा मीटरांत आणखी एक मागे पडते आहे असे वाटले, पण नाही पडली.

चौथी आली. पदक नाही, विभागीय स्पर्धेसाठी निवडही नाही. वेळ फलकावर लागली म्हणून कळली: १ मिनिट १०.६ सेकंद. सरावातल्यापेक्षा कमी वेळ तिने शर्यतीत प्रथमच नोंदवली होती.

ती केस पुसत माझ्याकडे आली. मी ठरावाप्रमाणे तोंड उघडणार, एवढ्यात तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले,

"बाबा, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही ना? भूक लागली का?"

लागली होती. रस्त्यापलीकडच्या उपाहारगृहात आम्ही दोघांनी दोन-दोन बशा मिसळ खाल्ली, आणि घरी येईपर्यंत अखंड बोलत होतो.